खैराचं नाव

“खैर? नाय ठावा, सायेब,” माझा बा म्हणाला.

निफाडकर साहेबांनी समोरच्या कागदावर फुली मारली. मग डबीतलं पान तोंडात सारलं, जिभेनं गालात नीट बसवलं आणि विचारलं, कात कसा काढतात.

“त्ये पन नाय ठावा.”

“मग तुमचा वाडवडिलांचा धंदा कोणता?”

“इटा पाडतो. भट्टीवर जातो.”

दुसरी फुली. मी शेजारच्या खुर्चीवरून बाच्या तोंडाकडे बघतच राहिले. पानं झडलेल्या रानात नुसत्या सालीवरून खैर ओळखणारा हा माणूस. वीटभट्टीच्या वाटेवर खैर दिसला की त्याच्या खोडाला हात लावल्याशिवाय पुढे जात नसे. आणि आज, जिथे ते बोलायचं होतं नेमकं तिथेच, तो सरळ खोटं बोलत होता. डोळ्याला डोळा न भिडवता, गुडघ्यांवर हात ठेवून, एका सुरात.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. मी शेवंती भिवा हिलम, रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवरची. कात काढणारे ते कातकरी. वाडीवरून एम.एस्सी. झालेली पहिली. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आमच्या जमातीसाठी राखलेली एक जागा निघाली आणि ती मला मिळाली. नेमणुकीच्या पत्रात खाली बारीक अक्षरात एक अट होती. जमातीचा दाखला खरा असल्याची पडताळणी करून तीस नोव्हेंबरच्या आत प्रमाणपत्र आणा, नाहीतर नेमणूक रद्द. दोनदा तारीख पुढे ढकलून शेवटी पडताळणी समितीने आम्हाला ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी अठरा नोव्हेंबर होता. वाडी सगळी भट्ट्यांवर निघून गेली होती. मागे म्हातारीकोतारी आणि आम्ही दोघं. माझ्या कागदापायी बाने त्या साली भट्टी लांबवली होती.

पडताळणी कशासाठी, तर आमचं नाव लावून आमच्या जागा लाटणारे लोक होते म्हणून. होतेच, आजही आहेत, आणि त्यांना धरायलाच हवं. पण धरायची रीत बघा. जमातीच्या चालीरीती, देव, धंदा यांवर प्रश्न विचारायचे. उत्तरं बरोबर आली तर तुम्ही खरे, चुकली तर खोटे. आप्तभाव चाचणी म्हणतात तिला. आता खोटा माणूस परीक्षेला बसावा तसा तयारी करून येतो. त्याला खैर, कात, वाघदेव सगळं तोंडपाठ. खऱ्याला कशाला पाठ करावं लागतंय? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या खोलीत बसून पाहिलं.

टेबलापलीकडे दोघं होते. अध्यक्ष वयस्क होते, ते बहुतेक वेळ फाइलच्या नाडीशी चाळा करत होते. सगळे प्रश्न निफाडकर साहेबांचे. त्यांच्यासमोर एक जाडजूड पुस्तक होतं, कुणा गोऱ्या साहेबानं शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि आम्ही कोण हे त्यात बघून ठरणार होतं.

माझी पाळी आधी होऊन गेली होती. माझ्या बोलण्यावरच त्यांचं घोडं अडलं. इतकं शुद्ध बोलणारी कातकरी आपण पाहिली नाही, असं ते अध्यक्षांना म्हणाले, मी समोर नसल्यासारखं. मी सांगितलं की पहिलीपासून आश्रमशाळेत वाढले, तिथे बाईंनी पट्टीच्या माराने शुद्ध करून घेतलं. ते हसले आणि काहीतरी लिहिलं. शिकलं नाही तर तुम्ही मागासलेले, शिकलं तर तुम्ही खोटे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

बाच्या दोन फुल्या झाल्यावर त्यांनी माझी गुणपत्रिका पुन्हा उचलली. तिला माझ्या प्रकल्पाचं पान जोडलेलं होतं.

“कॅटेचिन,” त्यांनी वाचलं. “हे काय?”

मला वाटलं, सुटलो. मी भडाभडा सांगायला लागले. खैराच्या गाभ्यातून जो कात निघतो त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे कॅटेचिन. खैराचं शास्त्रीय नाव ॲकेशिया कॅटेच्यू, त्या नावावरून याचं नाव पडलं. पानाला चुना आणि कात लावल्यावर जी तुरट चव जिभेला लागते ती त्याच्या कुळातल्या द्रव्यांची. मी दोन वर्षं तेच वेगळं काढत होते. पानाचा उल्लेख मी मुद्दाम केला असेन, आता नक्की सांगता येत नाही. साहेबांचे ओठ लालभडक होते. काताने रंगलेल्या तोंडाने हा माणूस आम्हाला विचारत होता, की कात म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असल्याचा पुरावा काय.

“म्हणजे हे तुम्हाला कॉलेजात कळलं,” ते म्हणाले. “वडिलांना तर खैरसुद्धा माहीत नाही. बाई, रसायनशास्त्र कोणीही शिकू शकतं. आम्ही बघतो ते रक्तात काय आहे.”

तिसरी फुली माझ्या नावावर पडली.

रक्तात काय आहे ते मी त्यांना तिथेच सांगू शकले असते. माणूस भ्यायला किंवा संतापला की त्याच्या रक्तात जे उसळतं, हात थरथरवतं, छाती धडधडवतं, त्या ॲड्रिनलिनच्या कुळाला शास्त्रात कॅटेकोलामाइन म्हणतात. तेही नाव त्याच कातावरून आलंय, पार खैरापर्यंत पोचतं. त्या क्षणी माझ्या रक्तात खैरच खैर होता. पण नोकरीची गरज असलेल्या माणसाचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. चहा घेऊन येऊ, म्हणाले. त्यानंतरही काही निराळं सांगण्यासारखं नसेल तर ‘आप्तभाव सिद्ध होत नाही’ असा शेरा मारावा लागेल. आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. शिपायाने आम्हाला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

बाहेर येताच मी बावर तुटून पडले. इतकी वर्षं त्याला कधी उलट बोलले नव्हते, ती सगळी कसर काढली. म्हटलं, घरातून निघताना काय सांगितलं होतं तुला? जे विचारतील ते खरं सांग, एवढंच ना? माझी बारा वर्षांची आश्रमशाळा, पाच वर्षांचं कॉलेज, उपाशी काढलेले दिवस, सगळं तू दोन शब्दांत पाण्यात घातलंस. खैर ठाऊक नाही म्हणे. लाज नाही वाटली?

बाने ऐकून घेतलं. मग कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि आवाज खाली आणला.

“बाय, सायबाम्होरं खैराचं नाव घेत नसतात.”

“कोणी सांगितलं तुला?”

“माझ्या बानं. तुला नाय सांगितला का मी, ल्हान व्हतीस तवा? खाकीवाल्यानं, सायबानं खैर इचारला, कात इचारला, का ठावा नाय म्हनायचा.”

सांगितलं होतं, खरंच. वाडीवरच्या प्रत्येक पोराला सांगतात, विंचवाच्या बिळात हात घालू नको म्हणतात तसंच. पण आश्रमशाळेत ते माझ्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, आणि त्याचं कारण मी कधी विचारलंच नव्हतं. ते मी त्या बाकावर, एम.एस्सी. झाल्यावर विचारलं.

बाने तुटक तुटक सांगितलं. तो दहा वर्षांचा असताना त्याचा बा, माझा आजा गोमा, एका शेठसाठी कात काढायचा. रानात तोडीचा परवाना शेठकडे आहे असं गोमाला सांगितलेलं. एक दिवस जंगलखात्याची गाडी आली. शेठ म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. तयार कात शेठच्या गाडीतून गेला आणि गोमा सरकारी गाडीतून. चौकीत साहेबाने प्रेमानं विचारलं, तुला कात काढता येतो काय रे? गोमाला वाटलं, कामाचं विचारतात. त्याने हौसेनं सगळं सांगितलं, लाकूड कसं निवडायचं ते कात कसा बसवायचा तिथपर्यंत. समोरचा लिहून घेत होता. खाली अंगठा घेतला. मग तीन दिवस मारलं. मग सहा महिने तुरुंग. परत आला तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पुन्हा त्याने कोयता धरला नाही. वाडीतल्या सगळ्यांनी कात उकळायची मडकी फोडली आणि पुढच्या साली भट्टीवाल्याच्या ट्रकमध्ये चढले.

“मी व्हतो ना चौकीच्या भायेर,” बा म्हणाला. “आसाच बाक व्हता.”

आत फुल्या मारणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं का? त्याच्या जाड पुस्तकात आमचा देव होता, आमचं लग्न होतं, आमच्या चुलीची मापं होती. ज्या सरकारने कात काढला म्हणून मारलं, तेच सरकार आता कात काढत नाही म्हणून खोटं ठरवत होतं. एका हातात तोच दंडा, दुसऱ्या हातात तीच फाइल.

“त्यो आतला सबूद काय व्हता?” बाने विचारलं. “तू सायबाला सांगितलास त्यो.”

“कॅटेचिन.”

त्याने ओठ हलवून बघितले, पण आवाज काढला नाही. “म्हंजी काय?”

मी त्याला सांगितलं. दोन वर्षं मी काय करत होते हे त्याला कधीच नीट सांगितलं नव्हतं. काचेची भांडी, एवढंच त्याला माहीत. मी म्हटलं, त्याचा अर्थ इतकाच की खैरातलं. पूर्वी गोऱ्या लोकांनी आपल्याकडचा कात जहाजात भरून नेला. त्यांच्याकडे चामडी कमवायला, कापड रंगवायला लागायचा. तिकडच्या शिकलेल्या माणसांनी तो उकळला, गाळला, निवत ठेवला, त्यातून पांढरी भुकटी वेगळी काढली आणि तिला त्या झाडाच्या नावावरून नाव दिलं.

“खैराचं नाव घेतला त्यांनी?”

“हो.”

“लिवला?”

“छापला. जगातल्या सगळ्या पुस्तकांत आहे, बा. चीनमध्ये, अमेरिकेत, जिथे कुठे रसायन शिकवतात तिथे पोरं ते नाव वहीत लिहितात.”

“आन त्यांना कुनी धरला नाय?”

“नाही. मोठे झाले ते.”

बाने हाताचे तळवे उलटून बघितले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग मी फार वेळा पाहिलेला नाही. भट्टीच्या मुकादमाने शिवी दिली तरी तो मान खाली घालायचा. त्या दिवशी पाहिला.

“सगळ्या दुनयेला ठावा हाय,” तो म्हणाला. “मंग माझ्या बाला कशापाय मारला?”

शिपाई बोलवायला आला.

आत गेल्यावर बा खुर्चीत बसला नाही. अध्यक्षांनी दोनदा सांगितलं तरी नाही. तो थेट फरशीवर उकिडवा बसला आणि टेबलापुढच्या मोकळ्या जागेत बोटाने एक लांब रेघ ओढली. ही चूल, म्हणाला. हातभर खोल, दोन माणसं आडवी निजतील एवढी लांब. हिच्यावर दोन रांगांत मडकी मांडायची.

मग तो सांगत सुटला. थंडी पडल्यावर रानात जायचं. पहिल्या खैराला शेंदूर लावायचा, नारळ द्यायचा आणि त्याची माफी मागायची. वरचं पांढरं लाकूड कामाचं नाही, आतला लाल गाभा घ्यायचा. पुरुषाने त्याच्या ढलप्या पाडायच्या, चुलीशी बाईनंच बसायचं. उकळी फुटली की कधी गाळायचं, दुसऱ्या मडक्यात कधी ओतायचं, बोटांत धरून तार कशी बघायची, सगळं त्याचे हात करत होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी फुटलेली मडकी तो एकेक उचलून ठेवत होता.

“मंग निवाया ठेवायचा. आजाबात हलवायचा नाय. हलवलास का बसत नाय.”

हे कळायला मला प्रयोगशाळेत सात खेपा लागल्या होत्या. सहा वेळा माझं द्रावण वाया गेलं, सर ओरडले, वर्गातली पोरं हसली. आणि हे माझ्या घरात, माझ्या बाच्या पोटात, पहिल्यापासून होतं. त्याने मला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर माझ्या तोंडून कुठेतरी निघालं असतं.

निफाडकर साहेब एव्हाना खुर्चीतून उठून टेबलाच्या या बाजूला आले होते. बघायला म्हणून ते वाकले तसा बा थांबला. त्याने हात आडवा धरला.

“सायेब, जरा मागं. परक्याची सावली पडाया नाय पायजे मडक्यावर.”

फरशीवर मडकं नव्हतं. तरी साहेब दोन पावलं मागे सरले. मग घाईघाईने टेबलाशी गेले, पुस्तकाची पानं उलटली आणि अध्यक्षांना ओळ दाखवली. हे बघा, म्हणाले, सावलीचं इथे दिलंय, अगदी असंच. त्यांचा चेहरा फुलला होता. माझा बा खरा ठरला याचा तो आनंद नव्हता. त्यांचं पुस्तक खरं ठरलं होतं. सगळ्या फुल्या त्यांनी स्वतःच्या हाताने खोडल्या, माझीसुद्धा.

आता जबाब लिहून घ्यायचा होता. टंकलेखक बाई आल्या. साहेब सांगत गेले आणि त्या बडवत गेल्या: मी भिवा गोमा हिलम असे लिहून देतो की, माझे वडील व मी स्वतः जंगलातील खैराची झाडे तोडून त्यापासून कात काढत असू. बाईंनी कागद ओढून काढला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

बाने मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाला. मी पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला कळलं की तो काय ऐकतोय. तो प्रमाणपत्राचा कागद नव्हता त्याच्यासाठी. तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होता, शब्दाला शब्द, गोमाच्या अंगठ्याखाली होता तसा.

“ह्यो कागद कुठं जानार, सायेब?”

“फाइलीत.”

“फाइल कोन वाचतो?”

“सरकारी कागद आहे,” निफाडकर डबीतलं नवीन पान लावता लावता म्हणाले. “कोणीही मागवू शकतं.”

ते एक वाक्य निराळं बोलले असते तर काय बिघडलं असतं? काका, याने तुम्हाला काही होणार नाही, एवढंच. मी तरी म्हणायला हवं होतं, की बा, नको देऊस अंगठा, चल घरी. मी म्हटलं नाही. बारा दिवस उरले होते. मी पॅडकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, दे, एकदाचा दे. माझ्या त्या ‘दे’ची चीड मला निफाडकरांच्या वागण्यापेक्षा जास्त येते, आजही.

बाने अंगठा दिला. शाई पुसायला बाईंनी कागदाचा चिटोरा दिला, तो त्याने घेतला नाही.

घरी आल्यावर तो भट्टीवर गेला नाही. मुकादमाने दोनदा निरोप धाडला. बा म्हणे, जातो, जातो. दिवसभर उंबऱ्याशी बसून असायचा, पायवाट दिसेल असा. खाली डांबरी रस्त्यावर गाडीचा आवाज आला की उठून उभा राहायचा आणि आवाज पुढे गेला की बसायचा. मी त्याला समजावलं की त्या गोष्टीला आता चाळीस वर्षांवर होऊन गेली, असल्या जबाबावर कुणी धरत नाही, हे वेगळं ऑफिस आणि ते वेगळं. तो मान डोलवायचा. एका सकाळी मी त्याला पिशवी भरताना पाहिलं: एक धोतर, पांघरूण, तंबाखूची पुडी. भट्टीची तयारी असेल म्हणून मला हायसं वाटलं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी मी भाकऱ्या थापत होते. बाहेर पावलं वाजली. नवीन पोस्टमन होता, तरणा मुलगा, खाकी कपड्यांत, हातात सरकारी पाकीट. त्याने मोठ्याने नाव पुकारलं, हिलम म्हणून. मी पिठाचे हात पुसत बाहेर येईपर्यंत बा अंगणात पोचला होता. धुतलेला सदरा अंगात, पिशवी खांद्याला. तो त्या पोरासमोर जाऊन उभा राहिला आणि अगदी शांतपणे त्याने विचारलं,

“चालत जायाचा, का गाडी हाय?”

पोस्टमन हसला. म्हातारबुवा कुठे निघाले, म्हणाला, इथे सही करा. मी पुढे होऊन सही केली आणि तिथेच पाकीट फोडलं. आत गोल शिक्का मारून लिहिलं होतं, की मी कातकरी आहे याबद्दल शासनाची खात्री झाली आहे. पोस्टमन उतरणीला लागला. बा पिशवी घेऊन अजून तसाच उभा होता.